नवे बिल्ड टूल आणण्याआधी जुनी मेकफाइल वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात नवे साधन आले की चर्चा साधनाचीच होते. कोणते वेगवान, कोणते नवे, कोणते शिकले तर नोकरीला उपयोगी पडेल. जुने साधन ज्याने वर्षानुवर्षे चालते ठेवले, त्या माणसाचे ‘नको’ मात्र ‘बदलाला विरोध’ एवढ्या दोन शब्दांत निकालात काढले जाते. बिल्ड टूलच्या बाबतीत ही घाई फार महाग पडते. नाराज सहकाऱ्याला नव्या टूलकडे वळवायचे असेल तर काय करावे लागते, हे तपशिलाने मांडण्यासाठी हे पत्र.

जे वाचक या कामात नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, शेकडो-हजारो सोर्स फायली कंपाइल करायच्या (यंत्राला समजेल अशा ऑब्जेक्ट फायली करायच्या), जोडायच्या म्हणजे लिंक करायच्या, टेस्ट चालवायच्या, पॅकेज बांधायचे. यात कोणती पायरी कोणत्या पायरीनंतर येते आणि एक फाइल बदलली तर नेमके काय काय पुन्हा करायचे, हे ठरवणारा प्रोग्रॅम म्हणजे बिल्ड टूल. या घराण्याचा मूळपुरुष मेक. स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिला. पुढे जावासाठी अँट, मेव्हन, ग्रेडल आले, सी आणि सी++ साठी सीमेक (तो निन्जासारख्या टूलसाठी बिल्ड फायली लिहून देतो), निन्जा, मेसन आले, आणि गूगलने आपले आतले टूल २०१५ मध्ये बेझल या नावाने खुले केले. तरीही मेक गेलेला नाही. लिनक्स कर्नल आजही मेकवरच बिल्ड होते.

मेकला हे सगळे नियम ज्या फाइलीत लिहून द्यायचे ती मेकफाइल. तिच्यातली कमांडची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. तिथे आठ स्पेस दिल्या तर ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून मेक थांबतो, आणि डोळ्यांना तर दोन्ही सारखेच दिसते. हा नियम गैरसोयीचा आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आले होते. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांच्या चालू फायली मोडायच्या नाहीत म्हणून टॅब तसाच राहिला, असे त्यांनीच सांगितले आहे. त्या डझनाची पुढे काय संख्या झाली ते आपण पाहतोच. टॅब ठेवला ते बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो, पण चालू असलेल्या फायलीत लोकांचे काम अडकलेले असते ही जाणीव त्यामागे होती. नवे टूल आणणाऱ्यांकडे नेमकी तीच कमी पडते.

रिलीज अडल्यावर ज्याला रात्री फोन जातो, तोच बहुतेक वेळा नव्या टूलला ‘नको’ म्हणतो. जुन्या बिल्डमधल्या प्रत्येक विचित्र ओळीचे कारण त्याच्या डोक्यात असते आणि ते दुसरीकडे कुठेही लिहिलेले नसते. नव्या टूलमध्ये त्या ओळी गळतील, बिल्ड हिरवी, म्हणजे यशस्वी, दिसेल, आणि दोष ग्राहकाकडे उघड होईल, अशी त्याला भीती असते. ही भीती रास्त आहे. वेगाचे आलेख दाखवून ती जात नाही, कारण तो वेगाबद्दल बोलतच नसतो.

म्हणून पहिले काम त्याच्याशेजारी बसून जुनी मेकफाइल ओळीओळीने वाचण्याचे. नवे टूल अजून मशीनवर बसवूही नये. एक साधी मजकुराची फाइल उघडावी आणि प्रत्येक अनोळखी ओळीसमोर ‘हे का?’ याचे उत्तर लिहावे. ओळ मूळ कोणी टाकली हे, कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटची ‘गिट ब्लेम’ ही कमांड सांगते, पण का टाकली हे बहुधा माणसालाच विचारावे लागते.

उदाहरणार्थ ‘-एफनो-स्ट्रिक्ट-एलियासिंग’ हा फ्लॅग, म्हणजे कंपायलरला दिलेली सूचना. जुन्या सी कोडमध्ये एकाच मेमरीकडे दोन वेगळ्या टाइपच्या पॉइंटरने पाहिलेले असते. जीसीसी हा कंपायलर ऑप्टिमायझेशनच्या (कोड वेगवान करण्याच्या) ‘-ओ२’ आणि त्यावरच्या पातळीला असे होत नाही असे गृहीत धरून कोड बदलतो, आणि मग वाचलेली किंमत जुनीच निघते. हा फ्लॅग तो बदल थांबवतो. नव्या बिल्डमध्ये तो राहून गेला तर कंपाइल व्यवस्थित होते, टेस्टही बहुधा पास होतात, आणि एखाद्या वेगळ्याच कंपायलर आवृत्तीवर आकडे चुकू लागतात. ‘-एफरॅपव्ही’चेही तसेच. साइन्ड पूर्णांक ओव्हरफ्लो झाला की वळसा घेऊन उलटा येईल, यावर विसंबलेला कोड त्याच्या आधारावर उभा असतो.

किंवा एखाद्या रूलमध्ये ‘स्लीप १’ (एक सेकंद थांब) दिसतो. नवा माणूस पहिल्यांदा तोच पुसतो. मेक फायलींच्या शेवटच्या बदलाच्या वेळा ताडून पाहतो, आणि फॅट फाइल सिस्टिमवर ही वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनीच नोंदली जाते, ईएक्सटी३ वर एका सेकंदाच्या. एकाच सेकंदात एक फाइल तयार झाली आणि ती जिच्यावरून बनते ती फाइल लगेच बदलली, तर मेकला दोन्ही सारख्याच जुन्या वाटतात आणि तो पुढचे पाऊल उचलत नाही. तो ‘स्लीप’ त्यासाठी असतो. आजच्या डिस्कवर कदाचित गरज उरलेली नसेल, पण पुसण्याआधी हे माहीत हवे. ‘एलसी_ऑल=सी’ हा लोकॅल बहुधा सॉर्टचा क्रम प्रत्येक मशीनवर सारखा यावा म्हणून असतो. ‘उमास्क ०२२’ असतो तो पॅकेजमधल्या फायली इतर वापरकर्त्यांनाही वाचता याव्यात म्हणून.

चार-पाचशे ओळींची मेकफाइल असेल तर अशी वाचणी दोन-तीन बैठकांत होते. ती झाली की संभाषणाचा सूर बदललेला असतो. ‘तुम्ही जुने धरून बसला आहात’ असे म्हणायला जागा उरत नाही, आणि ‘तुला काय माहीत’ असे म्हणायलाही उरत नाही. नोंदवहीतली प्रत्येक नोंद म्हणजे नव्या बिल्डला उत्तीर्ण व्हावे लागेल अशी एक परीक्षा, आणि ती परीक्षा त्या सहकाऱ्याने लिहिलेली असते.

दुसरे काम जुन्या बिल्डमधले खरे दुखणे दाखवण्याचे. तेही दुसऱ्या कोणाच्या प्रकल्पातले दाखवून चालत नाही, याच मेकफाइलमधले हवे. सगळ्यांत सापडणारे दुखणे हेडरचे, म्हणजे अनेक सोर्स फायलींत घेतल्या जाणाऱ्या सामायिक फाइलचे, असते. समजा एका हेडरमध्ये एक स्ट्रक्ट (अनेक फील्ड एकत्र बांधणारा टाइप) आहे आणि दोन सी फायली तो वापरतात. मेकफाइलमध्ये पहिल्या फाइलसमोर हेडरचे नाव लिहिलेले आहे, दुसरीसमोर लिहायचे राहिले. आता स्ट्रक्टच्या मध्यात आठ बाइटचे एक नवे फील्ड घातले. पहिली फाइल पुन्हा कंपाइल होते, दुसरी होत नाही. सीमध्ये लिंकर नावे जुळवतो, स्ट्रक्टची मांडणी तपासत नाही, त्यामुळे लिंक बिनबोभाट होते. प्रोग्रॅम चालू झाल्यावर दुसरी फाइल प्रत्येक पुढचे फील्ड आठ बाइट आधी शोधते आणि भलत्याच जागी लिहिते. दोन दिवस डीबगर घेऊन बसल्यावर कोणीतरी म्हणते, ‘एकदा क्लीन करून बघ’, म्हणजे आधीचे सगळे पुसून नव्याने बांध, आणि दोष नाहीसा होतो. ज्या टीममध्ये ‘आधी क्लीन करून बघ’ हा पहिला सल्ला असतो, तिथे बिल्डवरचा विश्वास उडालेला असतो. हे आपल्या प्रकल्पात होते का ते पाहणे सोपे आहे. एका मध्यवर्ती हेडरला ‘टच’ करावे, म्हणजे फक्त त्याची बदलाची वेळ ताजी करावी, मेक चालवावा, किती फायली पुन्हा कंपाइल झाल्या ते मोजावे, आणि तो हेडर खरोखर किती फायलींत घेतला आहे त्याच्याशी ताडावे. आकडे जुळले नाहीत तर वाद संपला.

दुसरे दुखणे फ्लॅगचे. मेक फक्त वेळा पाहतो, कमांड बदलली हे त्याला कळत नाही. ‘-ओ०’चा ‘-ओ२’ केला आणि मेक चालवला तर सगळे अद्ययावत आहे असे सांगून तो गप्प बसतो. मग काही ऑब्जेक्ट जुन्या फ्लॅगचे, काही नव्या, अशी खिचडी लिंक होते. निन्जा प्रत्येक कमांडची खूण आपल्या लॉगमध्ये ठेवतो, ती बदलली की तेवढेच पुन्हा बांधतो.

तिसरे समांतर बिल्डचे. जनरेट होणारा हेडर आणि तो वापरणारी फाइल यांच्यातले नाते लिहिलेले नसले तरी एकेक काम करताना सगळे सुरळीत चालते, कारण मेक डावीकडून उजवीकडे जातो आणि हेडर योगायोगाने आधी तयार होतो. ‘-जे८’, म्हणजे एका वेळी आठ कामे, दिला की कधी चालते, कधी फुटते. सहकारी म्हणतो, ‘आमच्याकडे -जे वापरायचा नाही’, आणि सोळा कोअरच्या मशीनवर एकच कोअर राबत राहतो. ग्नू मेकच्या ४.४ या २०२२ मधल्या आवृत्तीपासून ‘--शफल’ हा पर्याय आहे. तो कामांचा क्रम मुद्दाम विस्कटतो, आणि बिल्ड फुटली तर कोणत्या बीजाने विस्कटला होता तो आकडा त्रुटीच्या ओळीतच छापतो. तोच आकडा परत दिला की तीच चूक हातात येते. दहा-वीस वेळा शफल करून बिल्ड चालवली की लपलेली नाती वर येतात.

इथे आमचे मत स्पष्ट सांगतो, नव्या टूलच्या चाहत्यांना ते आवडणार नाही. ही तिन्ही दुखणी आधी मेकफाइलमध्येच दुरुस्त करावीत. कंपाइलच्या ओळीत ‘-एमएमडी -एमपी’ घातले की जीसीसी किंवा क्लँग प्रत्येक ऑब्जेक्टसाठी हेडरांची यादी ‘.डी’ फाइलमध्ये लिहून देतो, ती मेकफाइलमध्ये इन्क्लूड करायची. ‘-एमपी’मुळे एखादा हेडर पुसला गेला तरी मेक अडत नाही. फ्लॅगसाठी कमांडची ओळ एका फाइलमध्ये लिहून ठेवायची आणि बदलली तरच ती फाइल नव्याने लिहायची, बाकीचे टार्गेट (ज्या फायली बांधायच्या त्या) तिच्यावर अवलंबून ठेवायचे. कर्नलची बिल्ड याच धर्तीवर प्रत्येक टार्गेटसोबत ‘.सीएमडी’ फाइल ठेवते. या दुरुस्तीला फार वेळ लागत नाही. ती झाल्यावर टीमला पुरेसे वाटले तर टूल बदलू नये, हा निकालही मान्य करावा. चाळीस फायलींच्या, एकाच प्लॅटफॉर्मवरच्या प्रकल्पाला सीमेक लावून कोणाचे भले होत नाही. आणि पुरेसे वाटले नाही, विंडोज आणि मॅकवरही बांधायचे आहे, एडिटरला कंपाइल कमांडांची यादी हवी आहे, वाइप झालेल्या मशीनवर एका तासात उभे राहायचे आहे, अशी कारणे उरली तर पुढची चर्चा खऱ्या कारणांवर होते. शिवाय स्वच्छ मेकफाइलवरून नवी बिल्ड लिहिणे निम्म्या कष्टाचे असते, म्हणजे दुरुस्तीचे श्रम वाया जात नाहीत.

मोजमापाबद्दल. ‘नवे टूल कितीतरी पट वेगवान’ हे दावे बरेचदा एका साध्या चुकीतून येतात. मेक सांगितल्याशिवाय एका वेळी एकच काम करतो, निन्जा न सांगताच कोअरच्या संख्येप्रमाणे समांतर चालतो. दोन्हीकडे ‘-जे’ सारखा दिला की पहिल्या पूर्ण बिल्डचा फरक पुष्कळ कमी होतो, कारण वेळ कंपायलरला लागतो, टूलला नाही. खरा फरक दिसतो तो काहीच बदलले नसताना. हजारो फायलींच्या, फोल्डरफोल्डरांत मेकला पुन्हा पुन्हा हाक मारणाऱ्या प्रकल्पात मेक नुसता ‘काही करायचे नाही’ हे ठरवायलाच बराच वेळ घेतो. तेव्हा चार वेगवेगळ्या वेळा मोजाव्यात: रिकाम्या फोल्डरपासूनची बिल्ड, काहीही न बदलता केलेली बिल्ड, टोकाची एक सी फाइल बदलून, आणि सर्वत्र घेतलेला एक हेडर बदलून. प्रत्येक किमान पाच वेळा, आणि मधला आकडा धरायचा. वेळ मोजणारे हायपरफाइनसारखे टूल ‘--प्रिपेअर’ देऊन प्रत्येक फेरीआधी फाइल टच करण्याचे काम स्वतःच करते. आधी कंपाइल केलेले साठवून ठेवणारे सीकॅश लावलेले असेल तर मोजताना ते बंद ठेवावे, नाहीतर दुसरी पाळी नेहमीच जिंकते. पहिली फेरी सोडून द्यावी, कारण तेव्हा फायली डिस्कवरून येतात, पुढे त्या मेमरीत असतात. आणि मोजणी त्या सहकाऱ्याच्या मशीनवर करावी. ज्याच्याकडे आठ जीबी मेमरी आहे, त्याच्याकडे निन्जाने एकाच वेळी चार मोठ्या लिंक सुरू केल्या तर सिस्टिम कंपायलर किंवा लिंकरलाच मारून टाकते आणि पडद्यावर नुसते ‘किल्ड’ येते. त्याला टूल बिघडले असे वाटणार, आणि त्याचे चुकत नाही. सीमेकमध्ये लिंकसाठी वेगळा जॉब पूल करून तिथे एक किंवा दोनची मर्यादा घालता येते. हे आधीच करून ठेवावे.

आता सगळ्यांत मोठा भाग. दोन्ही बिल्ड काही आठवडे शेजारीशेजारी चालवायच्या, दोन वेगळ्या आउटपुट फोल्डरांत, आणि निकाल ताडायचा. त्याआधी जुनीच बिल्ड दोनदा चालवून दोन्ही बायनरींचे (तयार प्रोग्रॅम फायलींचे) एसएचए-२५६, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारी खूण, काढून पाहावेत. ते एकमेकांशी जुळले नाहीत तर नव्याशी जुळण्याचा प्रश्नच येत नाही. न जुळण्याची कारणे ठरलेली असतात. कोडमध्ये तारीख आणि वेळेचे मॅक्रो असतात, त्यांना ‘सोर्स_डेट_इपॉक’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठरावीक वेळ देते आणि जीसीसी ७ पासून ते मानतो. डीबग माहितीत फोल्डरचा पूर्ण पत्ता असतो, त्याला जीसीसी ८ पासून ‘-एफफाइल-प्रीफिक्स-मॅप’ आहे. स्टॅटिक लायब्ररीत ती बांधणारा एआर प्रत्येक ऑब्जेक्टची वेळ आणि मालक नोंदवतो, तिथे ‘डी’ हा बदलक ती शून्य करतो. एवढे केले की बहुतेक प्रकल्प बिटाबिटाने सारखे बांधले जातात.

मग कमांड ताडाव्यात. स्वच्छ फोल्डरमध्ये ‘मेक -एन’ चालवला की तो करणार असलेल्या सर्व कमांड छापतो. मात्र ज्या ओळींत मेकलाच पुन्हा हाक असते त्या ओळी ‘-एन’ असतानाही चालतात, हे लक्षात ठेवावे. निन्जाकडे ‘-टी कमांड्स’ आहे. दोन्ही याद्यांत एका फाइलसाठी एक ओळ करून, फ्लॅग अकारविल्हे लावून डिफ (दोन्हींतल्या फरकांची यादी) घ्यावा. हा डिफ त्या सहकाऱ्याबरोबर बसून वाचावा. आमच्या मते टीमला पटवण्याच्या सगळ्या खटाटोपात याहून उपयोगी तास दुसरा नाही. नोंदवहीतले प्रत्येक कारण इथे डोळ्यांनी तपासता येते.

सीमेकमध्ये या टप्प्यावर ठरलेल्या गोष्टी निघतात. बिल्ड टाइप दिलाच नाही तर तो रिकामा राहतो, म्हणजे ऑप्टिमायझेशनचा फ्लॅगच जात नाही, आणि प्रोग्रॅम हळू झाला म्हणून बोंब होते. ‘रिलीज’ दिला तर जीसीसीला ‘-ओ३’ जातो, जुना होता ‘-ओ२’. त्याहून घातक म्हणजे ‘रिलीज’ आणि ‘रेलविथडेबइन्फो’ या दोन्हींत ‘एनडीबग’ डिफाइन होतो आणि सगळे असर्ट (अट खरी आहे ना ते तपासणाऱ्या ओळी) कोडमधून निघून जातात. जुन्या मेकफाइलमध्ये तो नव्हता, आणि कोणीतरी असर्टच्या कंसातच फाइल उघडण्याचे फंक्शन बोलावलेले असते. असर्ट गेला, फाइल उघडलीच नाही. कोड चूकच आहे, पण तो इतकी वर्षे चालत होता आणि नव्या टूलच्या दिवशी बंद पडला, आणि दोष कोणावर येणार हे सांगायला नको. म्हणून पहिल्या स्थलांतरात फ्लॅग जुन्यासारखेच, तंतोतंत, हाताने ठरवून द्यावेत. ऑप्टिमायझेशन वाढवणे, वॉर्निंग कडक करणे, सी++ची आवृत्ती बदलणे हे त्याच कमिटमध्ये (गिटमध्ये नोंदलेल्या एका बदलात) कधीही करू नये. दोन बदल एकत्र केले की कोणता नडला ते कळत नाही.

आरपाथचा, म्हणजे बायनरीतच लिहिलेल्या लायब्ररीच्या पत्त्याचा, फटका असाच बसतो. सीमेक बिल्ड फोल्डरमधल्या बायनरीत शेअर्ड लायब्ररीचा पत्ता घालतो आणि इन्स्टॉल करताना तो काढून टाकतो. फोल्डरमधून चालवले तर चालते, इन्स्टॉल केले की लायब्ररी सापडत नाही. ‘रीडएल्फ -डी’ने जुन्या आणि नव्या, इन्स्टॉल केलेल्या बायनरी पाहाव्यात, बिल्ड फोल्डरमधल्या नव्हे. स्टॅटिक लायब्ररींचा क्रम बदलला तर लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ देतो, ते निदान लगेच कळते. सोर्स फायलींची यादी ‘ग्लॉब’ने, म्हणजे नावाच्या नमुन्यावरून आपोआप, गोळा केली असेल तर कोणी नवी फाइल घातल्यावर सीमेक पुन्हा चालेपर्यंत ती बिल्डमध्ये येतच नाही. ‘कॉन्फिगर_डिपेंड्स’ने ते सुधारते, तरी नावे हाताने लिहिणेच बरे. याद्या लांब होतात, होऊ द्याव्यात.

जावाच्या टीमसाठी एक वेगळा इशारा. मेव्हनवरून ग्रेडलवर जाताना एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या मागितल्या गेल्या तर मेव्हन अवलंबित लायब्ररींच्या झाडात जी जवळ असेल ती घेतो, ग्रेडल जी वरची असेल ती घेतो. एकही ओळ न बदलता प्रोग्रॅममधली लायब्ररी बदलते. दोन्हीकडचे डिपेन्डन्सीचे झाड फाइलमध्ये उतरवून, अंतिम आवृत्त्यांची यादी ताडल्याशिवाय पुढे जाऊ नये. टेस्टची संख्याही मोजावी. ग्रेडलमध्ये ‘यूजजेयुनिटप्लॅटफॉर्म’ लिहायचे राहिले तर जेयुनिट ५ च्या टेस्ट चालत नाहीत, आणि अनेक आवृत्त्यांत बिल्ड तरीही हिरवी होते. मेव्हनचे टेस्ट चालवणारे शुअरफायर नावावरून टेस्ट ओळखते, नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी ‘टेस्ट’ वगैरे लागते. ग्रेडल क्लास तपासून ओळखतो. त्यामुळे आजवर कधीच न चाललेल्या टेस्ट अचानक चालून फेल होऊ शकतात. त्या बातमीचा राग टूलवर काढू नये. रॅपर (ठरलेल्या आवृत्तीचे ग्रेडल आणणारी छोटी स्क्रिप्ट) रेपोत, म्हणजे कोडच्या साठ्यात, कमिट करावा, त्यात आवृत्ती आणि चेकसम दोन्ही लिहावेत, म्हणजे ‘माझ्याकडे चालते’ हा संवादच होत नाही.

परतीची वाट हा सहकाऱ्याचा हक्काचा प्रश्न असतो आणि त्याला तोंडी उत्तर चालत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या रिलीजमध्ये सुरक्षेची दुरुस्ती करायची आहे. त्या ब्रँचवर नवी बिल्ड फाइल नाही. एखादा दोष कोणत्या कमिटने आला हे ‘गिट बायसेक्ट’ने शोधायचे आहे, अर्धे कमिट जुन्या टूलचे, अर्धे नव्या. यासाठी छोटी स्क्रिप्ट आधीच लिहून ठेवावी: नव्या टूलची फाइल असेल तर ती वापर, नसेल तर मेक, आणि बिल्डच होत नसेल तर १२५ हा कोड परत कर, म्हणजे बायसेक्ट तो कमिट वगळून पुढे जातो. जुना कंपायलर आणि जुने टूल यांची प्रतिमा, कंटेनर असो वा डिस्क, जपून ठेवावी. नेटवर्क तोडून नवी बिल्ड एकदा चालवावी. जुनी बिल्ड इंटरनेटशिवाय होत होती आणि नवी बिल्ड भर बिल्डमध्ये कुठून तरी काही डाउनलोड करते, असे निघाले तर ती तक्रार मोठी आहे आणि तिचे निवारण, म्हणजे आपल्याकडेच आरसा-सर्व्हर किंवा रेपोत प्रती, आधी झाले पाहिजे.

नवे टूलही जुने होते, हेही मोकळेपणाने सांगावे. सीमेक ४.० ने २०२५ मध्ये ३.५ च्या आधीच्या आवृत्त्यांशी जुळवून घेणे बंद केले, आणि वर्षानुवर्षे न हलवलेल्या कित्येक फायली त्या दिवशी अडल्या. ‘एकदा हलवले की कायमचे’ असे आश्वासन देणारा पुढच्या वेळी ऐकला जात नाही.

बोलण्याच्या पद्धतीबद्दल थोडेच. हा विषय भर मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर काढू नये. तिथे मत बदलणे म्हणजे हार वाटते. वरून आदेश आणू नये. आदेशाने टूल बदलते, पण बिल्ड फुटल्यावर जो दुरुस्त करणार त्याला ती दुरुस्त करावीशी वाटत नाही. ‘हे पुन्हा का बांधले?’ असे त्याने विचारले की निन्जाचा ‘-डी एक्स्प्लेन’ त्याच्या हातात द्यावा, तो कोणत्या फाइलमुळे ते ओळीत सांगतो. ‘-व्ही’ देऊन खरी कमांड दाखवावी. टूलच्या पोटात पाहता येते हे कळले की निम्मा परकेपणा जातो. बदलाची तारीख रिलीजच्या आठवड्यात नसावी. पहिले दोन आठवडे बिल्ड फुटली तर फोन नव्या टूलचा आग्रह धरणाऱ्याला जाईल, हे लेखी ठरवावे. आणि किमान दोन माणसांना बिल्ड फाइल बदलता यावी, नाहीतर एका जाणकाराच्या जागी दुसरा जाणकार बसवला एवढेच होते.

समांतर चालवण्याचीही मुदत हवी. दोन बिल्ड कायम ठेवल्या तर नवी फाइल एकीतच घातली जाते आणि महिन्याभरात दोन्ही वेगळ्या वाटेने जातात. सलग दोन रिलीज दोन्हीकडून सारख्या निघाल्या की जुनी काढावी. काढण्याआधीच्या कमिटला टॅग लावावा, ‘हे का?’ची नोंदवही रेपोत कमिट करून तिचा पत्ता नव्या बिल्ड फाइलच्या पहिल्या ओळीत लिहावा, आणि मेकफाइल पुसणारा कमिट त्याच सहकाऱ्याला करायला सांगावा. एखादी नोंद अजून तपासायची राहिली असेल तर तो थांबेल, आणि त्याने थांबावे.

आपले,
बिल्ड आणि रिलीजचे काम पाहणारे वाचक